खाप्याचं मशीन

१

"मी काहीच नाही केलं काका, आपोआप बंद पडलं," असं शपथेवर सांगणाऱ्या माणसाच्या कीबोर्डमधून मी अर्धा कप चहा काढलेला आहे. सव्वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतो आहे. गिऱ्हाइकाचं बोलणं या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडून द्यायचं, आणि मशीन काय म्हणतं ते पाहायचं, एवढंच मी शिकलो.

दुकान म्हणजे नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या आमच्या घराचीच पुढची खोली. मे महिन्यात बारा ते चार नागपुरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. सत्यवती, माझी बायको, मागच्या खोलीत पडलेली असते. मी शटर अर्धं ओढून घेतो, कूलर लावतो आणि उघडी मशीनं पुढ्यात घेऊन बसतो. ही माझी आवडती वेळ. म्हणजे होती.

त्या दिवशी साडेबाराला शटरखालून वाकून एक मुलगी आत आली. तोंडाला ओढणी बांधलेली. जुन्या चादरीत गुंडाळलेला सीपीयू तिनं लेकरू घ्यावं तसा कडेवर धरला होता. बसमधून उतरून तशीच आली असावी, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता.

"धम्मानंद काका तुमीच ना? याच्यावर तुमचं स्टिकर हाये."

स्टिकर माझंच होतं. सहा वर्षांपूर्वी मी एकाच दिवशी, एकाच सीडीवरून दोन मशीनं तयार केली होती. त्यातलं एक खापा गावच्या कौशल्याबाईंनी नेलं होतं. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायच्या त्या. मुलीच्या शिक्षणासाठी घेतलं होतं. ही ती मुलगी, रितिका.

"आई कशी हाये?" मी विचारलं.

"आई गेली, काका. दिवाळीच्या आधी."

मी वायर जोडून मशीन सुरू केलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी झाली, मग निळी झाली. सिस्टीमची एक फाईल बिघडली आहे किंवा सापडत नाही, असं लिहून आलं आणि मशीन आपणहून पुन्हा सुरू झालं. पुन्हा निळं. पुन्हा तेच.

"लाईट गेली होती. लागोपाठ दोनदा," रितिका म्हणाली. "मंग उठलंच नाही."

पोरगी खरं बोलत होती. असं होतं. "फॉरमॅट मारून देऊ का? घंटाभराचं काम हाये."

तिनं चटकन दोन्ही हात सीपीयूवर ठेवले.

"नाही काका. त्यात आई हाये."

मग तिनं सांगितलं. आजारपणात आई दिवसभर घरी एकटी असायची. रितिकानं तिला माईक लावून लाल बटण दाबायला शिकवलं होतं. ती कॉलेजात गेली की आई मशीनसमोर बसून बोलायची. सांडग्यात मीठ किती, कोणत्या घरून आपलं पातेलं परत आणायचं आहे, मामीशी कसं वागायचं. अशा एकतीस रेकॉर्डिंग होत्या. आई गेल्यापासून रितिका काही रविवारी मन घट्ट करून एक ऐकायची.

"म्हंजे सगळ्या नाही ऐकल्या अजून?"

"अकरा झाल्या. वीस राहिल्या." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "एकदमच ऐकल्या तं आई खतमच होऊन जाईन ना."

मी चिठ्ठीवर लिहिलं: रितिका, खापा, सुरू होत नाही, रेकॉर्डिंग एकतीस. तिला म्हणालो, शनिवारपर्यंत करून देतो. ती गेल्यावर लक्षात आलं की मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

२

पहिलं काम नेहमी एकच. डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला जोडायची आणि आतलं सगळं उतरवून घ्यायचं. मी घेतलं. एकतीस फाईली मोजल्या, एकतीसच होत्या, पण एकही वाजेना. चूक माझीच होती. आवाज भरायचा तो प्रोग्राम सहा वर्षांपूर्वी मीच कुठून तरी फुकटात उचलून दोन्ही मशीनांत टाकला होता, आणि त्याच्या फाईली ज्या मशीनवर भरल्या तिथंच वाजत. म्हणजे कौशल्याबाईंचं मशीन उठणं भाग होतं.

दुरुस्तीचे सगळे उपाय केले. मशीनला आपल्या फाईली आपणच तपासायला लावलं. तासभर टक्के मोजत बसलो. शंभर झाले आणि उत्तर आलं: बिघडलेल्या फाईली सापडल्या, पण नीट करता आल्या नाहीत. जुनी सीडी काढली, तर तिच्यावर इतके ओरखडे की मशीननं तिला ओळखच दिली नाही.

आता एक उपाय उरला होता. माझे उस्ताद ओमप्रकाशजी काटोलचे, घरी संत्र्याचा बगीचा. ते त्याला कलम बांधणं म्हणत. जंबेरीच्या, म्हणजे रानटी आंबट लिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात, तशी धडधाकट मशीनमधली फाईल काढून बिघडलेल्या मशीनमध्ये बसवायची. फक्त दोन्ही एका वाणाची हवीत. आम्हा सगळ्या चेल्यांना त्यांनी हीच सवय लावली. खोड जंबेरीचं राहतं आणि फळ संत्र्याचं येतं, हा विचार मात्र आम्ही कोणी कधी केला नाही.

त्या वाणाचं धडधाकट मशीन जगात एकच उरलं होतं, आणि ते आमच्या डोक्यावर होतं. माडीवर, पायलच्या खोलीत.

पायल आमची मुलगी. एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये ताप आला, तो छातीत उतरला आणि बाविसाव्या दिवशी ती गेली. एकोणीस वर्षांची होती. तेव्हापासून ते मशीन बंद आहे. सत्यवती रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसते, पुन्हा पायलचीच ओढणी त्याच्यावर घालते आणि खाली येते. मला तिनं एकदाच सांगितलं होतं, "त्याले हात नोका लावू." मी कधी लावला नव्हता. खरं सांगायचं तर मला तिथं जायचीच हिंमत नव्हती.

पण काम ते काम, अशी मी स्वतःची समजूत घातली. सत्यवतीचा डोळा लागल्यावर मी चपला न घालता जिना चढलो. मेच्या दुपारी वरची खोली तव्यासारखी तापते. ओढणी उचलली, बटण दाबलं. दोन वर्षांनंतरही मशीन एका दमात उठलं.

मी माऊस हातात घेतला आणि क्लिक केलं, तर भलतंच उघडलं. मग आठवलं. पायल डावखुरी. तिनं माऊसची बटणं उलटी करून घेतली होती आणि मी दर वेळी चिडायचो. मी तिथं बसून थोडा वेळ रडलो. मग पेन ड्राइव्हवर ती एक फाईल घेतली, मशीन बंद केलं आणि ओढणी होती तशी घातली.

३

कलम लागलं. खाप्याचं मशीन पहिल्याच दमात उठलं. मी खुशीत माऊस हलवला, क्लिक केलं आणि भलतंच उघडलं.

बटणं उलटी होती.

आता असं आहे. मी वरून आणलेल्या फाईलमध्ये माऊसच्या बटणांचं काहीही नसतं. ती फाईल फक्त मशीनला उठायला मदत करते. हे मला माझ्या नावाइतकं पाठ आहे. तरी मी म्हटलं, असेल. कौशल्याबाईच डावखुऱ्या असतील. मी बटणं सरळ केली. पाणी प्यायलो. परत येऊन पाहतो तर उलटी.

मग मी आवाजाचा प्रोग्राम उघडला आणि रेकॉर्डिंग मोजल्या. सत्तावीस.

पुन्हा मोजल्या. सत्तावीसच. शेवटच्या चार नव्हत्या. मी उतरवून घेतलेली नक्कल उघडली. तिच्यातही सत्तावीसच. चिठ्ठीवर मात्र माझ्या हातानं एकतीस लिहिलेलं होतं. मी बराच विचार केला. पोरीनं एकतीस सांगितलं, मी एकतीस लिहिलं आणि मोजताना मनातला आकडा डोळ्यांना दिसला, असं झालं असेल. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पंचेचाळीस डिग्रीत, असं होऊ शकतं. मी चिठ्ठी घडी करून गल्ल्यात ठेवली.

पण जिना चढून वर गेलोच. पायलचं मशीन सुरू केलं, माऊस धरला. तिथली बटणं सरळ झाली होती.

चार वाजता रितिकाचा फोन आला. "काका, झालं का?"

"होऊन राहिलं," मी म्हणालो.

"आई हाये ना त्यात?"

"हाये वं. काहून घाबरतेस?"

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन पुन्हा निळं झालं. या वेळी दुसरीच फाईल. हेही होतं, एक बिघडली की तिच्या आधारानं उभी असलेली दुसरी पडते. मला पुन्हा वर जावं लागलं. लागलं असं म्हणतो आहे, पण जिना चढताना माझे पाय काल जितके जड होते तितके आज नव्हते, हे मी कबूल करतो.

दुसरं कलम बांधलं. मशीन उठलं. रेकॉर्डिंग बावीस.

मी खुर्चीत बसून राहिलो. काय करायला हवं होतं ते मला समजत होतं. थांबायला हवं होतं. रितिकाला फोन करून, पोरी, माझ्या हातून काहीतरी चुकतं आहे, मशीन घेऊन जा, असं सांगायला हवं होतं. मी उठून फोन घेणार, तेवढ्यात लाईट गेली. कूलर बंद पडला. कूलर थांबल्यावर दुपार किती मुकी असते ते कळतं. पंपातलं पाणी थोडा वेळ ठिबकलं आणि तेही थांबलं.

आणि माऊसवर दोनदा नख वाजलं. टक, टक.

क्लिक करायच्या आधी माऊसवर दोनदा नख वाजवायची पायलची खोड होती. अभ्यास करताना, गाणी शोधताना, सारखं टक टक. मी खालून ओरडायचो, "पायल, त्या माऊसच्या जिवावर उठली का?" आणि ती मुद्दाम चार वेळा वाजवायची.

माऊस माझ्यापासून हातभर लांब होता. प्लास्टिक तापलं की तडकतं, गारवा गेला की आवाज करतं, हे मला ठाऊक आहे. मी स्वतःला ते सांगितलं. मग मी अगदी हळू, सत्यवतीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "पायल, त्या माऊसच्या जिवावर उठली का?"

टक, टक, टक, टक.

मी रितिकाला फोन केला नाही.

५

शनिवारी सांगितलं होतं, पण पोरगी शुक्रवारीच आली. सोबत डब्यात सांडगे घेऊन. आईच्या सांगण्याप्रमाणे केलेले पहिले सांडगे, थोडे खारट झालेत, म्हणाली.

"चालू झालं?" मशीनची स्क्रीन पाहून ती इतकी हसली की मला तिच्याकडे बघवेना. "आज रविवार नाही, पण थोडंसंच लावून पाहू, काका? खात्री होईन."

मी तिच्यासाठी स्टूल सरकवलं. यादीत बाविसाव्या ओळीनंतर काहीच नव्हतं आणि मी खांदा पुढे करून स्क्रीनचा तो भाग झाकून उभा राहिलो. तिनं मोजलं नाही. तिचं सगळं लक्ष बाराव्या ओळीवर होतं.

"हे माऊस उलटं काहून चालून राहिलं?"

"डावं बटण दाब. करून देतो मंग सरळ."

कौशल्याबाईंचा आवाज आला. दमलेला, पण खणखणीत. घराच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून कुकरची शिटी ऐकू येत होती.

"रितू, लाल मिरच्या वाळवताना त्याचे देठ नोको काढू वं बाई. देठ काढले का त्या नरम पडते. आन् छतावर टाकल्यावर..." मध्येच बोलणं थांबलं. श्वास ऐकू येत होता. मग आवाज बदलला, माणूस दाराकडे बघून बोलतो तसा झाला. "कोण वं? तू कोणाची, पोरी?"

रितिकानं माझ्याकडे पाहिलं.

"उभी काहून? ये, बस. जागा नाही म्हंतेस? थांब, मी सरकतो थोडी." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हां. आता झालं ना? बस तू, बस. मी सरकतो अजून."

त्यानंतर कुकरची आणखी एक शिटी झाली आणि रेकॉर्डिंग संपली.

"आई कोणाशी बोलून राहिली, काका?"

"शेजारची आली असंल कोणी."

"आमच्याकडे कोणीच येत नव्हतं," रितिका म्हणाली. "आईच्या बिमारीले भेऊन कोणी नाही ये." तिनं डोळे पुसले आणि मग जरा हसली. "पण आई तशीच होती. आमच्या घरात तिघं बसाची जागा नाही, तरी ते सगळ्याईले बस म्हणे."

ती म्हणाली, आत्ताच घेऊन जाते. मी म्हणालो, एक फाईल राहिली आहे, ती बसवली की पक्कं होईल, उद्या ये. ती विश्वासानं मान हलवून उन्हात निघून गेली.

एकही फाईल राहिलेली नव्हती. मशीन ठणठणीत चाललं होतं. ते मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढचं जे झालं त्याला लाईटही जबाबदार नाही आणि ओमप्रकाशजींची शिकवणही नाही. माझ्या पोरीला बसायला जागा हवी होती आणि एका मेलेल्या बाईनं ती दिली होती. मला अजून थोडी हवी होती. मी वर गेलो आणि तिसरी फाईल आणली.

६

तिसरं कलम लागल्यावर मी यादी पाहिली. वीस उरल्या होत्या. रितिकानं न ऐकलेल्या आठ.

पायलचं मशीन मी वर चालूच ठेवून आलो होतो. बंद करायला गेलो तर त्याच्या स्क्रीनवर काहीच नव्हतं. तिचे फोटो नाहीत, कॉलेजच्या फाईली नाहीत. नवीन विकत आणलेलं मशीन विचारतं तसं ते मला विचारत होतं: तुमचं नाव काय?

मागे सत्यवती उभी होती. कधी आली ते कळलं नाही. तिनं स्क्रीन पाहिली, ओढणी पाहिली, माझ्या हातातला पेन ड्राइव्ह पाहिला. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती ओरडली नाही.

"काय केलं तुमी?"

मी तिथं पलंगावर बसून सगळं सांगितलं. पोरीचं, आईचं, एकतीसचं, माऊसचं. सांगताना मला माझीच लाज वाटत होती आणि तरी मधूनमधून मी हसत होतो, कारण टक टक वाजलं हे कोणालातरी सांगायला मिळत होतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले दाखवा."

आम्ही खाली दुकानात आलो. मी खुर्चीत बसलो, ती माझ्या उजवीकडे उभी राहिली. डावीकडे गिऱ्हाइकांचं स्टूल होतं. माझ्या खांद्यावरचा तिचा हात मी धरून ठेवला; बावीस वर्षांच्या संसारात तो असा कधी धरला नव्हता. काही होईना. कूलर घरघरत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी ती म्हणाली, "उन्हानं डोकं फिरलं तुमचं," आणि लाईट गेली.

स्क्रीन काळी झाली. काळी स्क्रीन आरशासारखी असते. अर्ध्या शटरखालून येणाऱ्या उजेडात तिच्यात आमची खोली दिसत होती. मी दिसत होतो. माझ्या खांद्यावर सत्यवतीचा हात दिसत होता. आणि डावीकडच्या स्टुलावर कोणीतरी अंग चोरून बसलं होतं. तोंड दिसलं नाही. खाली घातलेली मान, केस आणि माऊसवर ठेवलेला डावा हात. हाताच्या पाठीवर पांढरी पट्टी होती.

मी वळून पाहिलं. स्टूल रिकामं होतं. पुन्हा समोर पाहिलं आणि तेवढ्यात लाईट आली.

"सलाईनची पट्टी तशीच हाये," सत्यवती म्हणाली.

शेवटी शेवटी पायलच्या उजव्या हाताला शीर सापडेना, म्हणून सुई डाव्या हाताला लावली होती. स्क्रीनमध्ये पट्टी दिसली हे मी अजून बोललोही नव्हतो. म्हणजे तिलाही तीच दिसली होती.

मी म्हणालो, मशीन द्यायचं नाही. पोरीला सांगू, काका काही करू शकले नाहीत, मशीन मेलं. रोज मशीनं मरतात. ती दोन दिवस रडेल आणि मग विसरेल. हे मी माझ्या तोंडानं बोललो. सत्यवतीनं ते ऐकून घेतलं आणि बराच वेळ ती स्टुलाकडे पाहत राहिली.

"इथं ठेवून काय करणार?" ती म्हणाली. "आपण दोघं असेच पाहत बसू तिच्याकडे, आन् ते अशीच मान खाली घालून बसंल. त्या बाईनं बस म्हणलं ना तिले. आपण तं ते पण नाही म्हणलं. जाऊ द्या. तिथं आई हाये."

७

शनिवारी रितिका आली. मी तिला सांगितलं की वीसच वाचल्या, आठ ऐकायच्या राहिल्या आहेत, बाकीच्या आधीच खराब झाल्या होत्या. ती स्टुलावर बसून रडली. मग उठून माझ्या पाया पडली. म्हणाली, तुमी होते म्हणून इतक्या तरी वाचल्या. मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.

सत्यवतीनं सीपीयू चादरीत स्वतःच्या हातानं गुंडाळला, दोन्ही बाजूंनी घडी आत घातली. आणि जाताना पोरीला म्हणाली, "उन्हात नोको नेऊ वं, बसमधी सावलीच्या बाजूनं बस."

आठ दिवसांनी, रविवारी संध्याकाळी फोन आला. मी स्पीकरवर टाकला. सत्यवती समोर बसून तांदूळ निवडत होती.

"काका, आज आईची एक ऐकली." रितिकाचा आवाज बसलेला होता. "आई भाजीचं सांगत होती. मधातच म्हणते, पायल, तू घे ना वं, तुह्या पानात काहीच नाही. मंग पूरा टाईम तिच्याशीच बोलली. घे, अजून घे, लाजू नोको. मले एकदाही रितू नाही म्हणलं. काका, पायल कोण?"

सत्यवतीचा हात सुपात थांबला. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"मले नाही माहीत," मी म्हणालो. "त्या टायमाले कोणी आलं असंल घरी."

पलीकडे ती पुटपुटत मोजत होती.

"काका, आता सात पाहिजे होत्या ना? सहाच हायेत."

थोड्या वेळानं फोन बंद झाला.

सत्यवतीनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे जेवते आता," ती म्हणाली.

दवाखान्यात शेवटचे अठरा दिवस पायलनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. सत्यवती रोज वरणभात कालवून न्यायची आणि रोज तसाच परत आणायची. त्या डब्याचं ती दोन वर्षांत एकदाही बोलली नव्हती. आता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं दिसत होतं, लग्न झालं तेव्हा दिसायचा तसा तो चेहरा झाला होता.

मला सगळं समजत होतं. कलम बांधलं तसं काढताही येतं. रितिकाला परत फोन करायचा, खरं सांगायचं, मशीन घेऊन यायला सांगायचं आणि माझ्या तीन फाईली काढून टाकायच्या. मशीन पुन्हा निळं होईल, पण त्या सहा तरी राहतील. बाकीचं नंतर पाहता येईल. उशीर झालेला नव्हता. फोन अजून माझ्या हातातच होता.

"अजून सहा हायेत म्हंते ना?" सत्यवतीनं विचारलं.

"हो."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी फोन खिशात ठेवला.